मोडलेले पाय आणि पाठीराख्यांचा राग

क्रीडापानावरील मजकूर हा कार्यकर्त्याने वाचावयाचा मजकूर नव्हे, अशी आपल्या चळवळीत पुष्कळांची समजूत आहे. खेळ म्हणजे जनतेचे लक्ष मूळ प्रश्नांवरून उडवण्याचे साधन, असे एक वाक्य आपण अभ्यासवर्गात म्हणतो आणि तेथेच विचार थांबवतो. पण चाळीच्या जिन्यात आणि एस.टी. आगाराच्या उपाहारगृहात माणसे ज्या तावातावाने संघनिवडीवर बोलतात, त्या तावातावाने ती महागाईभत्त्याच्या निर्देशांकावर बोलत नाहीत, हे आपण सर्वांनीच पाहिलेले आहे. लोक कशावर रागावतात आणि तो राग अखेर कोणाच्या अंगावर जातो, हे पाहणे जर राजकारण नसेल, तर राजकारण म्हणजे काय हे एकदा ठरवलेच पाहिजे.

येथे ज्या रागाचा विचार करावयाचा आहे तो अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील पोर्टलंड या शहरातील आहे. १९७० मध्ये स्थापन झालेला 'ट्रेल ब्लेझर्स' हा या शहराचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ. बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि आइस हॉकी यांपैकी कोणत्याही खेळाचा सर्वोच्च श्रेणीचा पुरुष संघ तेथे नाही. त्यामुळे शहराचे सारे प्रेम या एका संघावर. आणि या प्रेमाच्या पोटी अर्धशतकाची एक तक्रार आहे. तरुण खेळाडू निवडण्याची मोक्याची पाळी आली की आमचा संघ नेमका दुखऱ्या हाडांचाच माणूस का निवडतो?

ही निवड कशी होते ते आधी समजून घेतले पाहिजे, कारण सारी गोम तेथेच आहे. अमेरिकेत नवा खेळाडू आपल्या पसंतीच्या संघाशी बोलणी करून नोकरीला लागत नाही. वर्षातून एकदा 'ड्राफ्ट' नावाचा विधी होतो. संघ पाळीपाळीने एकेका तरुणाचे नाव पुकारतात. ज्याने नाव पुकारले, त्याच्याशीच त्या तरुणाने करार करावयाचा. आदल्या हंगामात जो अधिक हरला, त्याला साधारणतः आधी पाळी मिळते; १९८५ पासून पहिल्या काही पाळ्यांसाठी सोडत निघते. अमेरिकन फुटबॉलमध्ये ही पद्धत १९३६ मध्ये आली, आणि ती सुचवणारा बर्ट बेल हा फिलाडेल्फियाच्या संघाचा मालक होता. श्रीमंत संघांपुढे बोलीत त्याचा टिकाव लागत नव्हता. बास्केटबॉलने ती १९४७ मध्ये उचलली. दुर्बळाला आधी आणि सबळाला नंतर, हे पाहून भांडवलशाहीच्या माहेरघरी मालकांनी समाजवाद आणला, असे कौतुकाने म्हणणारेही भेटतात. वाटप समतेचे आहे हे खरेच. फक्त ज्यांचे वाटप होते ती माणसे आहेत. एकाच तरुणासाठी दोन मालकांनी एकमेकांवर चढ करू नये, म्हणजे त्याचा भाव वाढू नये, हा या समतेचा दुसरा आणि अधिक टिकाऊ उपयोग होय.

निवडीपूर्वी तरुणांना शिकागोला बोलावून त्यांची उंची बुटाविना मोजतात, पसरलेल्या हातांची लांबी मोजतात, तळव्याची रुंदी मोजतात, उडी मोजतात. २०२३ च्या करारानंतर बोलावणे आलेल्यांना वैद्यकीय तपासणीही सक्तीची झाली आहे. या दृश्याची तुलना काहीजण गुलामांच्या बाजाराशी करतात. ती सवंग आहे. ज्यांच्या पूर्वजांना खरोखर विकले गेले, त्यांच्या दुःखाची ती थट्टा ठरते. कारखान्याच्या दारावरील डॉक्टरी तपासणी ही तुलना अधिक जवळची, आणि आपल्या ओळखीची.

आता पोर्टलंडचा इतिहास. १९७४ मध्ये संघाने पहिल्या क्रमांकावर बिल वॉल्टनला निवडले. विद्यापीठीय खेळातला तो त्या काळचा अग्रगण्य खेळाडू. १९७२ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनात अटक झालेला लाल केसांचा दांडगा विद्यार्थी. पहिली दोन वर्षे दुखापतींत गेली. १९७७ मध्ये त्याने पोर्टलंडला अजिंक्यपद मिळवून दिले, आणि ते आजतागायत पोर्टलंडचे एकमेव अजिंक्यपद आहे. पुढच्या हंगामात पहिल्या ६० सामन्यांपैकी ५० संघाने जिंकले, आणि मग वॉल्टनचे पाऊल निकामी झाले. १९७८ च्या बादफेरीत वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो मैदानात उतरला. नंतर क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा डाव्या पावलातील हाड मोडलेले आढळले.

त्यानंतर त्याने जे केले ते कामगार चळवळीतील माणसाने नीट वाचण्यासारखे आहे. संघाने आपल्यावर व आपल्या सहकाऱ्यांवर केलेले वैद्यकीय उपचार खेळाडूच्या हिताचे नव्हते, असा जाहीर आरोप करून त्याने संघ सोडण्याची मागणी केली आणि १९७८-७९ चा संपूर्ण हंगाम तो खेळला नाही. एका माणसाचा संपच तो! शहराने त्याला काय म्हटले? कृतघ्न. ज्या प्रेक्षकांनी वर्षभरापूर्वी त्याला डोक्यावर घेतले होते, त्यांतील अनेकांना तो दगाबाज वाटू लागला. इंजेक्शनाची सुई कोणाच्या हातात होती, हा प्रश्न मागे पडला आणि वॉल्टनने आमचे अजिंक्यपद घालवले, एवढेच उरले. त्याचा घोटा आणि पावले जन्मभर दुखत राहिली. कारकीर्दीत साखळी हंगामांतील तो जेमतेम ४६८ सामने खेळू शकला. २००९ मध्ये, तीस वर्षांनंतर, पोर्टलंडला जाऊन त्याने जुन्या वागण्याबद्दल लोकांची माफी मागितली. २०२४ मध्ये तो वारला. माफी मागणारा मोडलेल्या पायाचा माणूस होता, याची नोंद घेऊन पुढे जाऊ.

दुसरे नाव सॅम बोवीचे, आणि पोर्टलंडच्या पाठीराख्याला ते घेताच ठसका लागतो. १९८४ च्या निवडीत ह्यूस्टनने पहिला क्रमांक घेऊन ओलाजुवानला नेले. दुसरी पाळी पोर्टलंडची. त्यांनी केंटकी विद्यापीठाच्या बोवीचे नाव पुकारले. तिसऱ्या पाळीला शिकागोने ज्याला नेले, त्याचे नाव मायकेल जॉर्डन. पोर्टलंडकडे जॉर्डनच्या जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता आणि त्यांना उंच माणूस हवा होता, हे स्पष्टीकरण खरे आहे. पण चाळीस वर्षांत त्याने कोणाचे समाधान झालेले नाही. कारण बोवीच्या नडगीच्या हाडाला विद्यापीठात असतानाच तडा गेलेला होता आणि त्यापायी त्याचे सलग दोन हंगाम बुडाले होते. पोर्टलंडसाठी पाच वर्षांत तो १३९ सामने खेळला. एका हंगामात ८२ सामने असतात. तेव्हा हिशेब कोणीही करावा.

या प्रकरणाचा उत्तरार्ध २०१२ मध्ये पुढे आला. एका माहितीपटात बोवीने सांगितले की निवडीपूर्वी पोर्टलंडच्या डॉक्टरांनी त्याला सुमारे सात तास तपासले. नडगीवर लहानशा हातोडीने ठोकत दुखते का म्हणून विचारले. तो नाही म्हणाला. आतून दुखत होते. आपल्या माणसांच्या गरजा डोळ्यांपुढे असताना कोणीही हेच केले असते, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे होते. यावर अमेरिकेत पुष्कळ गहजब झाला. खोटारडा! फसवले! आमचा जॉर्डन घालवला!

बदली कामगार म्हणून ज्यांनी कधी गिरणीच्या दारात उभे राहून पाहिले असेल, त्यांना या 'नाही'चा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. खोकला दाबून छाती फुगवणारा, तिरळ्या डोळ्याने अक्षरे पाठ करून नेणारा, कंबरेचा पट्टा सदऱ्याखाली लपवणारा माणूस आपण पाहिलेला आहे. खरे बोलण्याची किंमत रोजगार ही असते, तेथे तपासणीतून सत्य बाहेर पडत नाही. शिवाय तो पाय बोवीने कोठे गमावला होता? केंटकी विद्यापीठाच्या सेवेत, जेथे भरलेल्या प्रेक्षागारांपुढे खेळणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीपलीकडे एक डॉलरही वेतन मिळत नसे. आपल्या नावावर व छबीवर कमाई करण्याची मुभा अमेरिकन विद्यार्थी खेळाडूंना २०२१ मध्ये मिळाली. हाड फुकट झिजवावयाचे आणि त्याचे मोल मिळण्याची वेळ आली की ते झिजलेले आहे म्हणून दारातून परतायचे, अशी ती व्यवस्था होती.

पुढची दोन नावे थोडक्यात घेतो. २००६ मध्ये आलेला ब्रँडन रॉय हा बोवीच्या उलट टोकाचा, पोर्टलंडचा खरा लाडका. २०१० च्या बादफेरीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी तो मैदानात आला तेव्हा प्रेक्षागार अक्षरशः दुमदुमले. दीड वर्षाने, २०११ च्या डिसेंबरात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गुडघ्यांमुळे त्याला निवृत्ती जाहीर करावी लागली. २००७ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या ग्रेग ओडेनचे उजव्या गुडघ्यावर त्याच सप्टेंबरात मोठे ऑपरेशन झाले आणि पहिला हंगाम गेला. २००९ च्या डिसेंबरात चालू सामन्यात गुडघ्याची वाटी फुटली. पोर्टलंडकडून तो एकूण ८२ सामने खेळला, म्हणजे बरोबर एका हंगामाइतके. दुसऱ्या क्रमांकावर गेलेला केव्हिन ड्युरँट पुढे जगातील थोर खेळाडूंमध्ये गणला गेला. ओडेन स्वतःच पुढे म्हणाला, की सर्वांत मोठा फसलेला मोहरा म्हणूनच लोक मला लक्षात ठेवतील.

पाठीराख्यांचा राग खोटा आहे काय? मुळीच नाही. तिकिटाचे पैसे त्यांनी मोजलेले असतात आणि निर्णयात त्यांना कवडीचाही अधिकार नसतो. परंतु एक आकडा पाहा. एप्रिल १९७७ पासून १९९५ पर्यंत पोर्टलंडच्या घरच्या सलग ८१४ सामन्यांची सर्व तिकिटे विकली गेली. वॉल्टन रुसून घरी बसला त्या वर्षी, आणि बोवी प्लास्टरमध्ये पाय घालून पडला होता त्याही वर्षी, एकही खुर्ची रिकामी राहिली नाही. चुकीच्या निवडीची किंमत खेळाडूने हाडांनी भरली आणि प्रेक्षकाने उसाशांनी. मालकाच्या गल्ल्याला तिची झळ लागली, असे या आकड्यावरून तरी दिसत नाही.

आणि तरीही शिव्या ज्याला बसतात त्याच्यासाठी एक खास शब्द तयार आहे: 'इंज्युरी-प्रोन', दुखापतप्रवण. जणू दुखापत हा त्या माणसाचा स्वभावच. या शब्दाची वंशावळ क्रीडांगणात सापडत नाही. ती कारखान्यात सापडते. १९१९ मध्ये ग्रीनवुड आणि वुड्स या संशोधकांनी ब्रिटनमधील दारूगोळा कारखान्यांतील अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा थोड्याच कामगारांच्या वाट्याला पुष्कळ अपघात येतात असे त्यांना आढळले. १९२६ मध्ये फार्मर आणि चेंबर्स यांनी या प्रकाराला 'अपघातप्रवणता' असे नाव दिले. संशोधकांचा हेतू शुद्ध असेल. मालकवर्गाला मात्र हा शब्द फारच सोयीचा ठरला. यंत्राला संरक्षक जाळी बसवण्यापेक्षा बोट तुटलेल्या माणसालाच अपघातप्रवण ठरवून बदलणे स्वस्त पडते. तोच शब्द आज प्रेक्षकाच्या तोंडी आहे, आणि प्रेक्षक स्वतः बहुधा कोठेतरी नोकरी करणारा माणूस आहे!

शरीराशरीरांत फरक नसतो असे माझे म्हणणे नाही. एकदा मोडलेला अवयव पुन्हा दुखावण्याचा संभव अधिक असतो हे वैद्यक मान्य करते. सात फुटांच्या देहाचा भार पावलातील चिमुकल्या हाडांवर येतो, तेथे निसर्गही बेरीज-वजाबाकी करतोच. पण मोडलेल्या हाडाला विश्रांती किती द्यावयाची आणि आठव्या दिवशी मैदानात उतरवावयाचे की आठव्या महिन्यात, हे निसर्ग ठरवत नाही. ८२ सामन्यांचा हंगाम १९६७ पासून चालत आला आहे. कधी लागोपाठच्या दोन रात्री दोन वेगळ्या शहरांत खेळावे लागते. सामने कमी करा म्हणावे तर तिकिटे आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न कमी होते. २०२४ मध्ये झालेला प्रक्षेपणाचा अकरा वर्षांचा करारच सुमारे ७६ अब्ज डॉलरांचा आहे. उलट २०२३-२४ पासून निदान ६५ सामने खेळल्याखेरीज प्रमुख वैयक्तिक पुरस्कार नाहीत, असा नियम आला. आणि काही पुरस्कारांवर पुढच्या कराराची कमाल रक्कम अवलंबून असते. आपल्याकडे याला हजेरी बोनस म्हणतात. खेळाडूंच्या युनियननेही त्यावर सही केली, ही गोष्ट खेदाने नमूद करावी लागते.

प्रत्येक वेळी मालक खेळाडूला जबरदस्तीने उतरवतो असेही नाही. खुद्द जॉर्डनचे पाऊल त्याच्या दुसऱ्याच हंगामात, १९८५ मध्ये, मोडले आणि त्या हंगामात तो अवघे १८ सामने खेळला. त्याला लवकर परतावयाचे होते. व्यवस्थापन त्याला आवरत होते. व्यवस्थापन काळजी दाखवत होते म्हणावे, तर संघ हरत राहिला की पुढच्या निवडीत पाळी लवकर मिळते, हा हिशेब त्यामागे असल्याचा संशय जॉर्डनला होता. म्हणजे उतरवण्यातही हिशेब आणि थांबवण्यातही हिशेब. ते हाड नीट सांधले नसते तर शिकागोच्या प्रेक्षकांनी १९८४ ची निवड कशी आठवली असती, हे पोर्टलंडकरांनी मनाशी ताडून पाहण्यासारखे आहे. फिलाडेल्फियाने २०१४ मध्ये पाय मोडलेल्या जोएल एम्बीडला निवडले. दोन पूर्ण हंगाम तो बसून होता. २०२३ मध्ये तो साखळीतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. फासा सरळ पडला की त्याचे नाव दूरदृष्टी होते.

एक आक्षेप हमखास येईल. हे लक्षाधीश! त्यांना श्रमिक कसले म्हणता? वेतन मोठे आहे यात वाद नाही. परंतु जखमी झाल्यावरही पूर्ण वेतन मिळण्याची जी हमी या खेळाडूंना आहे, ती मालकांच्या औदार्यातून आलेली नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये, जेथे हाडे अधिक मोडतात, तेथे अशी हमी बहुसंख्य करारांत पूर्णपणे नसते. बास्केटबॉलमधील फरक युनियनने घडवला. १९६४ च्या जानेवारीत बोस्टन येथे सर्वोत्तम खेळाडूंचा प्रदर्शनीय सामना दूरचित्रवाणीवरून देशभर दिसणार होता. खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर येण्यास नकार दिला. निवृत्तिवेतन मान्य झाल्यावरच ते मैदानात आले. त्यांच्या मागण्यांत आणखी एक साधी मागणी होती: प्रत्येक संघाबरोबर दुखापतींकडे पाहणारा पूर्णवेळ जाणकार माणूस असावा. देशातील सर्वोत्कृष्ट खेळाडूंना तोवर तेवढेही नव्हते. पुढे ऑस्कर रॉबर्टसन युनियनचा अध्यक्ष असताना १९७० मध्ये जो दावा दाखल झाला, त्याच्या १९७६ च्या तडजोडीने खेळाडूला जन्मभर एकाच मालकाशी बांधून ठेवणारे कलम सैल झाले. आणि २०११ मध्ये मालकांनी टाळेबंदी करून खेळाडूंचा उत्पन्नातील वाटा ५७ टक्क्यांवरून जवळपास निम्म्यावर आणला. संप, दावा, टाळेबंदी. हा इतिहास कामगारांचाच आहे.

हे सारे फार दूरचे वाटत असेल तर मुंबईकडे येऊ. आपल्याकडे २००८ पासून क्रिकेटपटूंचा लिलाव होतो. तो ड्राफ्टपेक्षा निराळा आहे, कारण येथे मालक एकमेकांवर चढ करू शकतात. मात्र कोणत्या संघात जावे हे येथेही खेळाडूच्या हाती नाही. २०२२ च्या लिलावात मुंबईच्या संघाने इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरला ८ कोटी रुपयांना घेतले. कोपराच्या दुखण्यामुळे तो त्या हंगामात खेळणार नाही हे सर्वांना आधीच ठाऊक होते. त्या हंगामात मुंबई दहा संघांत दहावी आली. २०२३ मध्ये आर्चर ५ सामने खेळला, २ बळी मिळवले आणि हंगाम संपण्याआधी मायदेशी परतला. वर्षअखेरीस संघाने त्याला मोकळे केले. दादरपासून डोंबिवलीपर्यंत जो संताप झाला तो सर्वांनी ऐकला आहे. आठ कोटी पाण्यात गेले! पैसे कोणाचे गेले, आणि ते घालवण्याचा निर्णय कोणाचा होता, हे मात्र त्या संतापात फारसे ऐकू आले नाही. तो गोलंदाजी करण्याइतका बरा झाला आहे असे कोणी ठरवले, त्या डॉक्टराचे वेतन कोण देत होते, आणि नाही म्हणण्याची सोय आर्चरला किती होती, हेही कोणी विचारले नाही.

आपल्या देशात असे विचारण्याचे काम करील अशी मान्यताप्राप्त संघटना आज खेळत असलेल्या क्रिकेटपटूंना नाही. न्या. लोढा समितीच्या शिफारशीनंतर २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन स्थापन झाली, ती निवृत्त खेळाडूंची. गोलंदाजाच्या पाठीचे हाड वयाच्या विसाव्या-बाविसाव्या वर्षी तडकते. संघटनेच्या दारात मात्र तो निवृत्त होऊनच जाऊ शकतो.